रोग आवरणारी माती : मातीतले रहिवासी जिवाणू आणि पिकांचे जिवाणूजन्य रोग
(वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कालपर्यंत हिरवीगार असलेली रोपं दोन दिवसांत माना टाकतात आणि मग प्रश्न येतो, ‘आता काय टाकू?’ माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न इथूनच सुरू होतात. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं: या मातीत आधीपासून कोण राहतं आणि आपण त्यांचं काय करून ठेवलं आहे? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा आणि आलं यांवर येणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगाची आहेत, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते.

१. रोग आवरणारी माती म्हणजे रोगाचे जंतू नसलेली माती का?

नाही. जंतू मातीत आहे, पीक त्याला बळी पडणारं आहे, हवामानही रोगाला पोषक आहे आणि तरीही रोग येत नाही किंवा तुरळकच येतो, अशा मातीला रोगदमन करणारी माती म्हणतात. जंतूच नसेल तर ती फक्त नशीबवान माती. एक लागण झालेलं रोप आत आलं की तिचं नशीब फिरतं.

ग्रॅमभर सुपीक मातीत कोट्यवधी, कधी अब्जावधी जिवाणू असतात. त्यांची सर्वांत दाट वस्ती मुळांना चिकटलेल्या पातळ थरात असते, कारण मुळं तिथे साखर, सेंद्रिय आम्लं आणि अमिनो आम्लं सतत पाझरवत असतात. लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या थराला ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिलं. रोगाच्या जिवाणूला झाडात शिरायचं तर या दाटीतूनच वाट काढावी लागते. तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेल्यांना इथे ‘रहिवासी’ म्हटलं आहे.

२. झाड जिवाणूमुळेच मरतंय हे कसं ओळखायचं? बुरशीची मरही अशीच दिसते ना?

लांबून पाहिलं तर दिसते. जिवाणूजन्य मरीत पानं सहसा पिवळी न पडता कोमेजतात. आधी दुपारच्या उन्हात शेंड्याची कोवळी पानं मलूल होतात, सकाळी पुन्हा तरतरीत दिसतात आणि काही दिवसांत सगळं झाड हिरवंच्या हिरवं कोसळतं. फ्युजेरियम बुरशीच्या मरीत खालची पानं आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा एकाच बाजूची.

खात्रीसाठी एक साधी परीक्षा आहे. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार ब्लेडने कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकडा असा टांगा की त्याचं खालचं टोकच पाण्यात बुडेल. ग्लास हलवू नका, मागे काळा कागद धरा. रोग जिवाणूचा असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या जागेतून दुधाळ दोरे सुटतात आणि उदबत्तीचा धूर उलटा वाहावा तसे सरळ तळाकडे उतरतात. ते जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट द्रव असतो. याच द्रवाने झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि मातीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं. परीक्षा झाल्यावर ते पाणी उकळून मगच टाका, मातीत ओतू नका.

या जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासिअरम. एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. दोनशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर तो जगू शकतो.

३. एकाच वाफ्यात एक रोप मरतं आणि शेजारचं ठणठणीत राहतं. बियाणं तेच, पाणी तेच. असं का?

‘ते रोप कमकुवत असेल’ हे उत्तर अनेकदा चुकीचं असतं. चीनमधल्या संशोधकांनी टोमॅटोची रोपं वाढत असतानाच, त्यांना न उपटता, मुळांजवळच्या मातीचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: पुढे निरोगी राहिलेल्या आणि पुढे मेलेल्या रोपांच्या मातीतले सूक्ष्मजीव अगदी सुरुवातीपासूनच वेगळे होते. निरोगी रोपांच्या मातीत जंतुरोधक द्रव्यं बनवण्याची क्षमता असणारे जिवाणू अधिक होते. संख्येनं नगण्य वाटणाऱ्या काही दुर्मिळ जिवाणूंचाही निकालात वाटा होता.

म्हणजे हातभर अंतरावर मातीतली वस्ती बदलते आणि रोपाचं भवितव्य लागवडीच्या दिवशीच बरंचसं ठरलेलं असू शकतं. मर दिसू लागल्यावर ओतलेल्या औषधाचा उपयोग का होत नाही, याचं एक कारण हेच आहे.

४. रहिवासी जिवाणू रोगाच्या जिवाणूला नेमकं कसं अडवतात?

एका मार्गानं नाही, आणि म्हणूनच ही व्यवस्था टिकाऊ असते.

पहिला मार्ग म्हणजे अन्न आधीच संपवणं. मुळांतून पाझरणारी साखर आणि अमिनो आम्लं राल्स्टोनियाला हवी असतात, आणि त्यांच्याच वासावर तो मुळांकडे पोहत येतो. तेच पदार्थ खाणारे बरेच जण आधीच तिथे असतील तर येणाऱ्याच्या वाट्याला फारसं उरत नाही. २०१५ च्या एका अभ्यासात राल्स्टोनियाच्याच, पण रोग न करणाऱ्या भाऊबंदांचे वेगवेगळे समूह बनवून टोमॅटोच्या मुळांवर सोडले होते. ज्या समूहाची भूक रोगकारकाच्या भुकेशी सर्वांत जास्त जुळत होती, त्यानं रोगाला सर्वांत चांगलं अडवलं. केवळ ‘विविधता वाढवा’ म्हणणं त्यामुळे मला अपुरं वाटतं. रोगकारकाच्या ताटात हात घालणारे कोण आहेत, हे पाहायला हवं.

दुसरा मार्ग लोहाचा. मातीत लोह भरपूर असतं, पण विरघळलेल्या रूपात फार थोडं. जिवाणू सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडून ते पकडून आणतात. मुळांवरचे स्युडोमोनास जिवाणू अशा रेणूंनी लोह बळकावतात आणि रोगकारकाची उपासमार करतात, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं. इथे एक मेख आहे. दुसऱ्याचा सिडेरोफोर वापरता आला तर राल्स्टोनिया तो उचलून स्वतःचं काम भागवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे स्पष्ट झालं: रहिवाशांचे सिडेरोफोर रोगकारकाला वापरता येत नसतील तर झाड वाचतं, येत असतील तर उलट त्यालाच मदत होते. एकाच जातीच्या जिवाणूचे दोन वाण एकमेकांच्या उलट का वागतात, ते यातून कळतं.

तिसरा मार्ग थेट विषाचा. बॅसिलस, स्युडोमोनास आणि स्ट्रेप्टोमायसिस प्रतिजैविकं बनवतात. काही जिवाणू स्वतःच्या जवळच्या नातलगांनाच मारणारी प्रथिनं सोडतात.

चौथा मार्ग शिकारीचा, आणि तो मला कायम थक्क करतो. १९६२ मध्ये हाइन्झ स्टोल्प आणि त्यांचे सहकारी वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूचे विषाणू मातीत शोधत होते. त्या शोधात त्यांना एक चिमुकला जिवाणूच सापडला, जो दुसऱ्या जिवाणूच्या आवरणाला भोक पाडून आत शिरतो, त्याला आतून खातो, तिथेच वाढतो आणि रिकामं टरफल फोडून बाहेर पडतो. त्याचं नाव ब्डेलोव्हिब्रिओ. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, आणि जिवाणू गिळणारे एकपेशीय जीवही हेच काम करतात. फेजबद्दल प्रश्न १३ पाहा.

पाचवा मार्ग संवाद तोडण्याचा. कंद आणि भाज्या कुजवणारा पेक्टोबॅक्टेरियम पुरेशी संख्या झाल्याचा रासायनिक संदेश मिळाल्यावरच हल्ला चढवतो. बॅसिलसचे काही वाण तो संदेशच कापून टाकणारं विकर (एन्झाइम) बनवतात. शत्रू जिवंत राहतो, पण हल्ला करण्याची वेळ झाली आहे हे त्याला कळतच नाही.

शिवाय काही रहिवासी रोगकारकाला हातही लावत नाहीत. ते मुळांना डिवचतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी ठेवतात. मुळावर बसलेल्या जिवाणूमुळे पानावरचा रोगही कमी होतो तो असा.

५. ‘सर्वसाधारण’ आणि ‘विशिष्ट’ रोगदमन असे शब्द वाचले. फरक काय?

सर्वसाधारण दमन म्हणजे मातीतल्या एकूण सगळ्या सूक्ष्मजीवांची मिळून तयार होणारी अडवणूक. प्रत्येक जिवंत मातीत ती कमी-अधिक असते, सेंद्रिय कर्बासोबत वाढते आणि एका शेतातून उचलून दुसऱ्यात नेता येत नाही. विशिष्ट दमन ठरावीक जिवाणूगटांमुळे, ठरावीक रोगाविरुद्ध असतं आणि थोड्याशा मातीबरोबर दुसरीकडे नेता येतं.

बटाट्याच्या सालीवर खडबडीत खपल्या आणणारा स्कॅब रोग स्ट्रेप्टोमायसिसच्याच काही रोग करणाऱ्या जातींमुळे होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मेन्झीस यांनी १९५९ मध्ये दाखवलं की रोग दाबणाऱ्या जुन्या मातीचा थोडा अंश रोगट मातीत मिसळला की तीही रोग दाबू लागते. जुनी माती आधी तापवली की हा गुण नाहीसा होतो. गुण रसायनात नसून जिवंत घटकात आहे, हे सिद्ध करायला इतकं पुरेसं होतं.

६. मग एकच पीक सतत घेत राहिलं तर माती आपोआप रोग दाबायला शिकेल का?

काही रोगांत असं घडतं. गव्हाचा ‘टेक-ऑल’ हा मुळांचा बुरशीजन्य रोग सतत गहू घेतल्यावर काही वर्षं वाढतो, मग उतरतो, कारण तोवर मुळांवर डीएपीजी नावाचं प्रतिजैविक बनवणारे स्युडोमोनास पुरेसे वाढलेले असतात. स्कॅबमध्येही सतत बटाटा घेतलेल्या काही शेतांत असा उतार दिसला आहे.

पण कृपा करून जिवाणूजन्य मरीच्या शेतात या भरवशावर राहू नका. तिथे टोमॅटोमागून टोमॅटो घेतला की बहुतेक वेळा रोगकारकच वाढतो आणि माती आणखी आंबट होत जाते. फेरपालट कराच, आणि ती टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांच्या कुळाबाहेरच्या पिकाशी करा. त्या काळात शेतातली त्याच कुळातली तणंही काढा, नाहीतर रोगकारक त्यांच्या मुळांवर आरामात राहतो.

७. बाजारातलं मित्रजिवाणूंचं द्रावण टाकलं तर काम होईल ना?

कधी होतं, पुष्कळदा होत नाही, आणि त्याचा दोष दर वेळी उत्पादनाचाच नसतो. जे रहिवासी रोगाच्या जिवाणूला जागा देत नाहीत, ते बाटलीतून आलेल्या पाहुण्यालाही देत नाहीत. ओतलेल्या जिवाणूंची संख्या मातीत बहुधा काही आठवड्यांतच घसरते. म्हणून द्रावण भरल्या घरात ओतण्यापेक्षा वस्ती अजून विरळ असते तेव्हा द्या: बी पेरताना, रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, किंवा लावणीपूर्वी मुळं बुडवून. कोवळ्या मुळावर जो आधी बसतो त्याला हुसकणं अवघड जातं. मर सुरू झालेल्या झाडाच्या बुडाशी ओतलेलं द्रावण मात्र वाया जातं.

स्युडोमोनासचं द्रावण लवकर मरतं, त्यामुळे तारीख पाहा आणि सावलीत ठेवा. बॅसिलस बीजाणू बनवतो, तो अधिक टिकतो.

एका पाहुण्यानं मात्र घर जिंकलं आहे. फळझाडांच्या आणि गुलाबाच्या खोडाच्या बुडाशी गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियमविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या अॅलन केर यांनी १९७० च्या दशकात के-८४ हा निरुपद्रवी वाण वापरात आणला. तो अॅग्रोसिन ८४ नावाचं विष बनवतो. गाठीत तयार होणारं खास अन्न आत घेण्यासाठी रोगकारकानं जे दार ठेवलेलं असतं, त्याच दारातून हे विष आत शिरतं. ज्या वाणांना ते दार नाही त्यांच्यावर, उदाहरणार्थ द्राक्षावरच्या बऱ्याच वाणांवर, के-८४ चालत नाही. आधीच आलेली गाठही त्यानं जात नाही, कारण तोवर रोगकारकाचं जनुक झाडाच्या पेशीत पोहोचलेलं असतं. पुढे विषाचं जनुक रोगकारकाकडे जाण्याचा धोका लक्षात आला, तेव्हा ते हस्तांतर बंद केलेला के-१०२६ हा वाण बनवला गेला.

८. ट्रायकोडर्मा घातलाय, मग जिवाणूजन्य मर का आली?

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे आणि तिचा खरा जोर बुरशीजन्य रोगांवर आहे. राल्स्टोनियाविरुद्ध तिच्यावर विसंबू नका. आधी प्रश्न २ मधली परीक्षा करून शत्रू ओळखा.

९. सगळी माती निर्जंतुक करून नव्यानं सुरुवात केली तर?

धुरी देऊन किंवा कडक वाफेनं माती साफ केली की पहिलं पीक अनेकदा सुंदर येतं, म्हणून मोह होतो. पण रोगकारक मातीच्या खालच्या थरात, तणांच्या मुळांत आणि ओढ्याच्या पाण्यात शिल्लक असतो. तो परततो तेव्हा त्याच्यापुढे मोकळं मैदान असतं, अडवायला कुणीच नाही. मिथिल ब्रोमाइडची धुरी एके काळी सर्रास दिली जायची. ओझोन थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली ती विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत, मोजके अपवाद सोडून, बंद केली.

मरीच्या जमिनीत मला जास्त पटणारा मार्ग वेगळा आहे. सहज कुजणारा हिरवा पाला किंवा कोंडा मातीत मिसळायचा, माती पाण्यानं पूर्ण भिजवायची आणि प्लास्टिकनं घट्ट झाकून उन्हाळ्यात काही आठवडे ठेवायची. जपान आणि नेदरलँड्समध्ये ही पद्धत स्वतंत्रपणे विकसित झाली. मातीतले जिवाणू कुजवताना सगळा ऑक्सिजन वापरून टाकतात, मग हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि ॲसिटिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार करतात. त्यात राल्स्टोनियाची संख्या घटते. रोगकारकाला हटवणारेही इथे रहिवासीच असतात, म्हणून माती ओसाड होत नाही. प्लास्टिक काढल्यावर मातीला आंबूस, कुजका वास येतो. तो जाऊन वाफसा येईपर्यंत रोपं लावू नका.

१०. चुना टाकू का? एक जण हो म्हणतो, दुसरा नाही.

दोघंही बरोबर असू शकतात. राल्स्टोनियाची मर आंबट मातीत बळावते. तिथे चुन्यानं सामू (pH, जितका कमी तितकी माती आंबट) वर नेला तर त्याला आवरणाऱ्या अनेक रहिवाशांनाही बरं वातावरण मिळतं. बटाट्याचा स्कॅब मात्र नेमका उलटा: सामू साधारण ५.२ च्या खाली असेल तर तो बहुधा दबून राहतो आणि चुना टाकला की उसळतो. म्हणून आधी सामू मोजा आणि पुढच्या हंगामात काय लावणार ते ठरवा. ज्या शेतात दोन्ही रोग आहेत आणि बटाटाच घ्यायचा आहे, तिथे मी चुन्याच्या वाटेला जात नाही, निरोगी बेणं आणि फेरपालट यांवर जोर देतो.

११. रोगप्रतिकारक जात लावली तर मातीची काळजी कशाला?

कारण जातीची ताकद थोडी मातीतूनही येते. ‘हवाई ७९९६’ हा टोमॅटो जिवाणूजन्य मरीला चांगला टिकतो, ‘मनीमेकर’ पटकन बळी पडतो. कोरियातल्या संशोधकांनी हवाईच्या मुळांवरचे सूक्ष्मजीव काढून मनीमेकरला दिले आणि मनीमेकरची मर आवरली गेली. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यात हवाईच्या मुळांवर एक फ्लेव्होबॅक्टेरियम जास्त प्रमाणात सापडला, आणि तो वेगळा वाढवून दिल्यावरही रोग कमी झाला. म्हणजे झाड स्वतःचे राखणदार काही अंशी निवडतं, पण ते निवडायला मातीत आधी असावे लागतात. अशा जातीच्या खुंटावर कलम केलेली रोपं लावलीत तरी हेच लागू आहे.

१२. माझी माती रोग दाबते का, हे घरच्या घरी तपासता येईल का?

येईल, पण रोग आधीच असलेल्या शेतापुरतंच. रोगाची माती दुसरीकडे नेऊन प्रयोग करू नका.

शेतातल्या चांगल्या भागाची माती घ्या. अर्धी झाकण लावून वाफेवर तासभर तापवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवा आणि काही दिवस उघडी ठेवा, कारण तापवल्यानं सुटलेली द्रव्यं रोपाला बाधू शकतात. आता तीन गटांत कुंड्या भरा: न तापवलेली माती, तापवलेली माती, आणि नऊ भाग तापवलेल्या मातीत एक भाग न तापवलेली. तिन्हींत रोगट भागातली माती सारख्याच प्रमाणात मिसळा आणि बळी पडणाऱ्या जातीची सारख्या वयाची रोपं लावा. प्रत्येक गटात किमान दहा कुंड्या ठेवा, दोन-तीन कुंड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

तापवलेल्या मातीत रोपं भराभर मेली आणि न तापवलेल्या मातीत टिकली, तर तुमचे रहिवासी काम करत आहेत. तिसऱ्या गटातही टिकली तर हे दमन विशिष्ट प्रकारचं असण्याची शक्यता आहे (प्रश्न ५). ‘मग तीच माती सगळीकडे पसरू का?’ हे पुढे हमखास विचारलं जातं. एका हेक्टरचा २० सेंटीमीटरचा थर अडीच हजार टनांच्या आसपास भरतो, म्हणजे नुसता एक टक्का मिसळायला २५ टन माती लागेल, आणि तिच्याबरोबर सूत्रकृमी (मुळांवर जगणारे मातीतले सूक्ष्म किडे) व तणांचं बी येईल ते वेगळं. रोपवाटिकेच्या मिश्रणात ओंजळ-ओंजळ वापरणं जमण्यासारखं आहे, तेही ती माती सूत्रकृमीमुक्त असेल तरच.

१३. रोगाचा जिवाणू या सगळ्याला सरावणार नाही का?

सरावतो, पण त्याला किंमत मोजावी लागते. चीनमध्ये टोमॅटोवर राल्स्टोनियाविरुद्ध फेजची मिश्रणं वापरली गेली (२०१९). मिश्रणात फेजचे जितके जास्त प्रकार, तितका रोग कमी. काही जिवाणू फेजला दाद देईनासे झाले, पण ते हळू वाढू लागले आणि त्यांची रोग करण्याची ताकदही घटली. एकाच औषधाला प्रतिकार मिळवणं जिवाणूला सोपं जातं. स्ट्रेप्टोमायसीन या प्रतिजैविकाच्या फवारण्यांबाबत हे अनेक पिकांत घडलं आहे. एकाच वेळी अन्न, लोह, विष आणि शिकारी अशा चौफेर कोंडीतून सुटणं त्याला फार अवघड आहे.

१४. सेंद्रिय खत, फेरपालट, आच्छादन सगळं केलं. तरी मर आली. मग हे सगळं खोटं का?

खोटं नाही, पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या न सांगणं तुमच्यावर अन्याय होईल. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी असेल तर ती प्रत्येक मुळाला भोकं पाडते, आणि राखणदार कितीही असले तरी उघड्या जखमेतून जिवाणू सरळ नळीत पोहोचतो. पाणी साचून मुळं गुदमरली, किंवा खुरपणीत तुटली, तरी तेच होतं. तिशीच्या वर तापमान आणि भरपूर ओल असा काळ लांबला की राल्स्टोनियाची वाढ रहिवाशांना झेपत नाही. आणि लागण रोपातून किंवा बेण्यातूनच आली असेल तर मातीतल्या कुणालाच त्याला अडवण्याची संधी मिळालेली नसते.

म्हणून मर आलीच तर या क्रमानं पाहा. मेलेलं झाड भोवतालच्या मातीसकट अलगद उकरा, ओढून उपटू नका. मुळं पाण्यात धुवा आणि गाठी आहेत का बघा. मग रोपं कुठून आली ते आठवा, आणि पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते पाहा. मेलेली झाडं एकाच सरीत, पाण्याच्या वाहत्या दिशेनं ओळीत असतील तर रोग पाण्याबरोबर पुढे सरकतो आहे. ती सरी त्याच दिवशी बंद करा आणि तिथे वापरलेली अवजारं धुतल्याशिवाय दुसऱ्या सरीत नेऊ नका.